वरचा तुकडा

"आजोबा, पुढं व्हा. हद्द तुम्ही दाखवायची, आम्ही फक्त मागून चालायचं," वनरक्षक म्हणाला आणि हातातलं जीपीएसचं यंत्र त्यानं शर्टाच्या बाहीला पुसलं.

बा पुढं झाला नाही. करवंदीच्या जाळीपाशी उकिडवा बसून तो चपलेतला काटा काढत होता. काटा केव्हाच निघाला होता, तरी तो चप्पल उलटीपालटी करत राहिला.

"चाहू, ऊठ की," गोमाकाका म्हणाला. "साहेबांना आजच्या आज पलीकडची वाडी पण करायचीय."

"करू दे की ती आधी. आमी काय पळून चाललोय?"

तलाठी मॅडम हसल्या. त्यांच्या साडीच्या काठाला कुसळं चिकटली होती आणि चढणीनं त्यांना धाप लागली होती. "आजोबा, इतकी वर्षं वाट बघितली ना? आता अर्ध्या तासाचं काम आहे."

 बोलायचं ते मी आदल्या दिवशी बोलून घेतलं होतं.

आय जाऊन फार दिवस झाले नव्हते. ती गेली तेव्हा पाऊस होता आणि आता नाचणी खळ्यावर आली होती, एवढंच. ती गेल्याचा निरोप मला पुण्यात कॉलेजच्या लायब्ररीत मिळाला होता. घाटात दरड पडलेली, ओढा भरलेला. मी वाडीत पोचले तेव्हा सगळं उरकून माणसं अंगणात ओल्या कपड्यांनी बसली होती. आमच्यात पुरतात. पावसात थांबता येत नाही. कुणी मला बोल लावला नाही, मीही कुणाला लावला नाही. दुसऱ्या दिवशी बानं मला वर नेलं आणि आइनाच्या झाडाखालचा दगडांचा ढीग दाखवला. तो ढीग वरच्या तुकड्यात होता.

आमचे दोन तुकडे. खालचा घराजवळ, भाकरीएवढा. वरचा डोंगराच्या उतारावर, चांगला मोठा. अशा जागेला आमच्याकडं दळी म्हणतात. इंग्रजांच्या वेळेपासून ठाकरांना कसायला दिलेली. कसायची आम्ही, मालकी जंगलखात्याची. आज्यानं कसली, बानं कसली, आणि कागदावर आम्ही पाहुणेच राहिलो. मग वनहक्काचा कायदा आला. जो पूर्वीपासून कसत असेल त्यानं दावा करायचा, गावच्या समितीनं तपासायचा, सरकारी माणसांनी येऊन हद्द मोजायची आणि मग जमीन नावावर व्हायची. दावा आय जिवंत असताना टाकला होता. समितीचा अध्यक्ष गोमाकाका. मोजणीला मात्र तारखांवर तारखा पडत गेल्या.

कायदा मी पहिल्या कलमापासून शेवटपर्यंत वाचला होता. त्यातलं एक कलम मी आयला वाचून दाखवलं होतं, की नवरा-बायको असतील तर पट्टा, म्हणजे हक्काचा कागद, दोघांच्या नावानं निघतो. तिनं ते मला पुन्हा वाचायला लावलं.

"म्हंजे माझं पण नाव?"

"तुझं पण."

"ह्याच्या खाली का ह्याच्या बाजूला?"

"बाजूला."

दाव्याला जोडायला दोघांचा फोटो लागत होता. त्यासाठी ती तालुक्याला गेली, ते माझं जुनं पातळ लुगड्यासारखं नेसून. फोटोवाल्यानं बाला जरा जवळ सरकायला सांगितलं, तर ही म्हणाली होती, आता म्हातारपणी कुठं सरकतंय ते, राहू दे तिथंच. ती गोष्ट तिनं वाडीभर सांगितली.

मला वरचा तुकडा नावावर हवा होता, आणि त्याचं कारण आता शेती नव्हतं. खात्याचं त्या उतारावर रोपवन करायचं ठरत होतं. डोंगरभर चर खणायचे, सागाची रोपं लावायची. चराला वाटेत काय येतं ते कळत नाही. जमीन आमची असती तर तिथं कुदळ लागली नसती. म्हणून आदल्या दिवशी मी चुलीपुढं बसून बाकडून उत्तरं पाठ करून घेतली होती.

"जमीन कोण कसतं?"

"आमी."

"कधीपासून?"

"आज्यापासून."

"ताबा कुणाचा?"

"तू लई मास्तरीण झालीस, बुधे. हातात छडी घे एक."

"ताबा कुणाचा, बा?"

"माझा," तो म्हणाला आणि चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

सकाळी खालच्या तुकड्याची मोजणी बिनबोभाट झाली. तिथं नाचणीचे बुडखे उभे होते, विचारण्यासारखं काही नव्हतं. बा पुढं चालला, यंत्र मागून चाललं, एक फेरी झाली. मॅडम बांधावर बसून लिहीत होत्या.

"दावेदार चाहू गोविंद दरवडा. आणि आंबी चाहू दरवडा." त्यांनी वर पाहिलं. "या कुठं आहेत? सही लागेल. अंगठा चालेल."

"मयत झाली," गोमाकाका म्हणाला. "श्रावणात."

"अरेरे." त्या खरंच मनापासून म्हणाल्या. मग त्यांनी पट्टी धरून एक रेघ ओढली.

बा वाकून बघत होता. त्याला वाचता येत नाही. "काय केलं?"

"काही नाही, आजोबा. त्यांचं नाव कमी केलं. मयताचं नाव पट्ट्यात लागत नाही. आता तुमच्या एकट्याच्या नावानं निघेल."

"कमी केलं," बा म्हणाला.

"हो. त्यानं जमीन कमी होत नाही. जमीन तेवढीच."

 मॅडमनी शाईचं पॅड पुढं केलं, त्यानं अंगठा उठवला. शाई पुसायला गोमाकाकानं त्याला पळसाचं पान दिलं, ते त्यानं मुठीत धरून ठेवलं. वर चढताना तो सगळ्यांच्या मागं होता. एरवी या चढणीला आम्ही त्याच्या मागं असायचो.

आता तो करवंदीपाशी बसला होता.

शेवटी उठला. चप्पल घातली आणि वाट दाखवू लागला, पण नुसतीच दाखवू लागला. हद्दीवरून चालला नाही. तोंडानं सांगत राहिला, तिकडं तो कातळ, इकडं हा ओहळ, तो वाकडा कुडा. वनरक्षक त्या त्या दिशेनं जाऊन येई आणि यंत्रात बघे.

वरच्या तुकड्यात शेत दिसत नव्हतं हे खरं होतं. आमची तिथली शेती नेहमी आळीपाळीची. एक वर्ष नाचणी, मग वरी, मग खुरासणी, आणि मग चार पावसाळे जमीन तशीच टाकायची, तिला दम घेऊ द्यायचा. तशी ती टाकली आणि आय आजारी पडली. पुन्हा तिथं कुणी कुदळ नेली नाही. जंगलानं बोलावण्याची वाट पाहिली नाही. आइन, किंजळ, कुडा, पळस, सगळे माणसाच्या डोक्याच्या वर गेले होते.

"हे बघा," वनरक्षक म्हणाला. तो तरुणच होता, पण दमलेला दिसत होता. "मी खोटं लिहिणार नाही आणि तुमच्या वाईटावर पण नाही. पण इथं शेत कुठंय? हे जंगल आहे."

"साहेब, ही झाडं आमीच टाकल्यानं वाढली," गोमाकाका म्हणाला. "तोडली असती तर तुमी केस केली असती."

"केली असती."

"नाय तोडली, तर म्हणता शेत नाय."

"म्हणतो. मला तसं म्हणावं लागतं, काका. वरच्या ऑफिसात यंत्रातली जागा उघडतात, तिथं झाडं दिसतात. मग मला विचारतात, तू काय बघून आलास."

"मग माणसानं करायचं काय?"

"ते मला कुणी सांगितलेलं नाही," वनरक्षक म्हणाला आणि एका दगडावर बसला. गोमाकाकानं त्याला तंबाखू दिला. दोघांनी मळला. त्यात वैर नव्हतं. दोघंही तेच बोलणं किती वाड्यांत किती वेळा बोलले असतील.

मी पुढं झाले. "ताली बघा," मी म्हणाले.

पाला बाजूला सारत मी त्यांना उतारावर नेलं. झाडांच्या बुडाशी, वेलींच्या खाली, दगडांच्या ताली होत्या. माती वाहून जाऊ नये म्हणून उतारावर आडव्या रचलेल्या बुटक्या भिंती. एकीखाली एक, डोंगराच्या पोटाला धरून वळत गेलेल्या. आय दर उन्हाळ्यात त्या दुरुस्त करायची. कुणाचं जनावर पाय लावून दगड पाडून गेलं की गुराच्या मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत पुन्हा रचायची. एका तालीतून किंजळ उगवून जाडजूड झाला होता आणि दगड त्याच्या बुंध्यात रुतून बसले होते.

वनरक्षकानं त्या बुंध्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"ताली जुन्या आहेत," तो म्हणाला. "या खोट्या नाहीत. मॅडम, ताली लिहा."

मॅडमनी लिहिलं.  आयनं रचलेले दगड तिच्या कामाला आले असं मला वाटलं. आइनाखालचा ढीग तिथून दिसत होता आणि मी मुद्दाम तिकडं बघत नव्हते.

"गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा जबाब आहेच," मॅडम म्हणाल्या. "झालं मग. आजोबा, या इकडं. आता एवढंच सांगा, हा तुकडा आज कुणाच्या ताब्यात आहे?"

बा आइनाच्या दिशेनं तोंड करून उभा होता.

"आजोबा?"

"आंबीच्या," बा म्हणाला.

मॅडमना वाटलं त्याला ऐकू गेलं नाही. "त्यांचं नाव आपण सकाळीच कमी केलं ना? तुमचं सांगा. तुमच्याच ताब्यात आहे ना?"

"नाय. माझ्या नाय. मी दिला तो."

"कुणाला दिला?"

"तिला."

"बा," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. वनरक्षक उठून उभा राहिला. त्यानं गोमाकाकाकडं पाहिलं आणि गोमाकाकानं मान खाली घातली. मग त्यालाच बोलावं लागलं.

आमच्यात एक रीत आहे. माणूस पुरायच्या आधी त्याच्यासाठी जागा मागून घ्यावी लागते. मयताच्या घरचा माणूस जमिनीच्या मालकाच्या हातावर एक नाणं ठेवतो. मालक विचारतो, केवढी? तो सांगतो, अंगापुरती. मग मालक नाणं खड्ड्यात टाकतो आणि म्हणतो, जागा दिली. तिथून पुढं ती जागा त्या मेलेल्या माणसाची. तिच्यावर नांगर घालायचा नाही, ती परत मागायची नाही, आपली म्हणायची नाही. जमीन घरचीच असेल तर एकाच माणसानं नाणं या हातातून त्या हातात घ्यायचं. हे मला माहीत होतं. मी त्या दिवशी तिथं नव्हते, म्हणून पुढचं माहीत नव्हतं.

"मी विचारलं त्याला केवढी," गोमाकाका म्हणाला. "मालकाच्या बाजूनं विचारायला कुणी पायजे, म्हणून मी विचारलं. ह्यानं अंगापुरती म्हणायचं, तर ह्यो म्हणला, अख्खी. मी म्हणलं चाहू, पाऊस लई हाय, नीट बोल. तर परत म्हणला, अख्खी. ताली तिच्या, जमीन तिची. मंग टाकलं नाणं."

झाडांत कुठंतरी एक सुतारपक्षी टकटक करत होता. 

"आजोबा," मॅडम म्हणाल्या, अगदी हळू आवाजात, लहान मुलाशी बोलावं तसं, "ती तुमची भावना झाली. ती मी समजते. पण मयत माणसाचा ताबा असतो असं मला लिहिता येत नाही. तुमचा ताबा आहे, एवढं एक वाक्य बोला. मी बाकी काही विचारत नाही."

"नाय माझा."

"तसं असेल तर दावाच उरत नाही. जमीन जंगलाची म्हणून राहील."

"ऱ्हाऊ द्या."

"चाहू, अरे..." गोमाकाका म्हणाला.

"माझं सांगून झालं," बा म्हणाला.

वनरक्षकानं यंत्र बंद केलं. मला वाटलं होतं त्याला बरं वाटेल, निदान त्याचं काम सोपं झालं. पण तो तिथंच घुटमळला. त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, तुम्ही समजावून बघता का? मी थांबतो." मी नको म्हणाले. बाचा चेहरा मला ओळखीचा होता. तो रागावलेला नव्हता. एखादं काम हातावेगळं झाल्यावर माणूस दिसतो तसा दिसत होता.

उतरताना मी त्याच्याशी बोलले नाही. घरी आल्यावरही बोलले नाही. दिवेलागणीला त्यानं भाकऱ्या थापल्या. आय गेल्यावर तो भाकऱ्या थापायला शिकला होता आणि त्या एका बाजूला जाड व्हायच्या.

"खा," तो म्हणाला.

"तिथं चर खणतील, बा. कळतंय का तुला? तिच्या अंगावरून चर जाईल. नावावर असता तर कुणाची हिंमत झाली नसती. मी ते एवढ्यासाठीच करत होते."

"म्हायती हाय मला, कशापायी करत हुतीस."

"मग?"

त्यानं तव्यावर भाकरी टाकली. "खालचा माझ्या नावावर झाला. तिचं नाव कमी केलं, माझ्या डोळ्यापुढं. पट्टी लावून." त्यानं भाकरी उलटली. "दगड तिनं उचलले, बुधे. मी बांध घालायला कवा गेलो? मी शिकारीला जायचो, नायतर पाव्हण्यात. आन् आता मी म्हणू, माझा? वरचा तरी तिचा पुरा ऱ्हाऊ दे."

"कागदावर तो खात्याचा राहील."

"कागदावर तो कवाचाच त्यांचा हाय. आज्याच्या वेळेपासून. त्यानं आपलं काय अडलं?"

यावर कायद्यातलं बरंच काही मला सांगता आलं असतं. मी भाकरी खाल्ली.

पट्टा खालच्या तुकड्याचा आला, एकट्या बाच्या नावानं. त्यानं तो कौलात खोचून ठेवला आणि कधी काढून बघितला नाही. वरच्या उतारावर पुढच्या वर्षी खात्याची पाटी लागली. राखीव वन, प्रवेश निषिद्ध. त्या पाटीखालून बा रोज वर जायचा. येताना कधी अळंबी आणायचा, कधी नुसताच यायचा. तालीवरून पडलेला दगड दिसला की उचलून जागच्या जागी ठेवायचा, असं गोमाकाकानं मला सांगितलं. आय असताना हे काम त्यानं कधी केलं नव्हतं.

चरही खणले. मी तेव्हा पुण्यात होते आणि आठवडाभर मला धड झोप लागली नाही. नंतर गेले, तेव्हा पाहिलं. उतारावर चर सरळ आखल्यासारखा येत होता आणि आइनाच्या अलीकडं तो वाकला होता. दगडांच्या ढिगाला लांबून वळसा घालून पलीकडं पुन्हा सरळ झाला होता. खणायला रोजावर आमच्याच वाडीतली माणसं होती. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. देखरेखीला तोच वनरक्षक होता, तोही काही बोलला नव्हता म्हणे.

बा त्यानंतर बरीच वर्षं जगला. गेला तो गेल्या माघात, अंगणात उन्हाला बसल्या बसल्या. या वेळी मी वाडीतच होते.

त्याला वर न्यायचं ठरलं तेव्हा कुणी कुणाला विचारलं नाही. पाटी आता गंजली होती. तिच्यापाशी नवा वनरक्षक मोटारसायकल लावून उभा होता, कुणीतरी कळवलं असणार. त्यानं खांद्यावरची तिरडी पाहिली. माझ्याकडं पाहिलं. "हे राखीव आहे," तो म्हणाला. "परवानगी घेतलीय का?"

"घ्यायला चाललोय," गोमाकाका म्हणाला. त्याला आता नीट दिसत नव्हतं, मी त्याचा हात धरून चढत होते.

वनरक्षकानं मोटारसायकल बाजूला घेतली आणि आमच्या मागून चालत वर आला. सागाची रोपं बरीचशी जळून गेली होती, आइन मात्र होता तिथं होता. आयच्या बाजूला खड्डा खणला. मुळांमुळं वेळ लागला. बाला खाली ठेवलं आणि सगळे थांबले.

"मालक कोण?" गोमाकाकानं विचारलं. रीत म्हणून विचारलं, पण विचारल्यावर सगळे वनरक्षकाकडं बघू लागले. तो मागं सरकला.

मी पदराच्या गाठीतलं नाणं काढलं आणि आयच्या दगडांवर ठेवलं. थोडं थांबले. मग मालकाच्या वतीनं दुसऱ्या हातानं तेच उचललं.

"केवढी?" गोमाकाका म्हणाला.

लोकांनी माझ्याकडं पाहिलं. अंगापुरती म्हणायचं, हे सगळ्यांना माहीत होतं.

"निम्मी," मी म्हणाले.

 गोमाकाकानं मान हलवली. मी नाणं खाली टाकलं आणि जागा दिली म्हणाले, आणि माणसं माती लोटू लागली.